ब्रश पुसायची भिंत

पाटीवरचं शेवटचं अक्षर झालं की ब्रश चिंधीला न पुसता ते मागच्या भिंतीला पुसत. बोटभर लांब एक फटकारा. मग स्वतःशीच अहिराणीत म्हणत, "वसनं एक घर." म्हणजे, एक घर वसलं.

गुजरातेतल्या आमच्या डिंडोलीत सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. धुळ्याकडून कापडाच्या लूमवर कामाला आलेले. मशीनच्या खडखडाटाने कान गेल्यावर त्यांनी ब्रश हातात घेतला. नको ते तर त्यांना मुळीच ऐकू येत नसे. नव्या रो-हाऊसच्या फाटकावर नावाची पाटी हवी की लोक त्यांच्या भाड्याच्या घराच्या ओट्यावर येत. प्रत्येक पाटीचा एक फटकारा, प्रत्येक महिन्याची एक ओळ, अशी त्या ओट्यावरची भिंत भरत गेली.

तुम्ही आला असतात तर तुम्हालाही त्यांनी ती दाखवली असती. दिवाळीची ओळ पार खिडकीपर्यंत जाई. श्राद्धपक्षात जेमतेम दोन फटकारे. कमुरत्यात, म्हणजे संक्रांतीआधीच्या महिन्यात, भिंत कोरीच राही, कारण आमच्याकडचा गुजराती माणूस तेव्हा घर घ्यायचं नाव काढत नाही.

मी बमरोलीच्या मिलमधला साधा क्लार्क. बायकोचे दागिने मोडून घर घ्यायचं ठरवलं, तर दलाल दिवसातून तीनदा फोन करायचा. "भाई, बजार गरम है, दो ही बचे हैं!" मी घाबरून आप्पांकडे धावलो आणि भाव विचारला.

"भाव कसाले इचारस? भिंत देख," ते म्हणाले. त्या महिन्याच्या ओळीत तीनच फटकारे होते. "बजार गरम रहाता तं मन्हा हात दुखता."

मी थांबलो. चार महिन्यांनी तेच घर त्याच दलालाने कमी भावात दिलं. आमच्या पाटीचा फटकारा मारला तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

गिऱ्हाइकं आधी भिंत बघून येतात, हे दलालाला कळायला वेळ लागला नाही. तो आप्पांकडे आला. "काका, बार पाटियां लखी आपो. नाम गमे ते." बारा रिकाम्या घरांवर वाटेल ती बारा खोटी नावं, म्हणजे रविवारी बघायला येणाऱ्यांना वाटावं की सोसायटी भरत आली. मजुरी दुप्पट. आप्पांनी काम घेतलं. मला त्यांचा खरंच राग आला.

रविवारी सकाळी त्यांनी स्वतः जाऊन पाट्या लावल्या. सुबक, सावली दिलेली अक्षरं. बाराही पाट्यांवर, मराठीत आणि गुजरातीत, एकच मजकूर: घर रिकामे आहे. गिऱ्हाइकं हसत परत गेली. दलाल लालबुंद होऊन ओट्यावर आला, तर आप्पांनी आगाऊ घेतलेले पैसे त्याच्या खिशात कोंबले. "तूच सांगं ना, गमे ते!"

भिंतीवर त्या बारा पाट्यांचा एकही फटकारा नव्हता.

दोन महिन्यांनी दलालाने डाव साधला. आप्पांच्या घरमालकाकडे तो गिऱ्हाईक घेऊन आला आणि सौदा ठरवू लागला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली. मी हात जोडले. "आप्पा, एकदा त्याची माफी मागा. घर वाचेल." नेमकं तेव्हा त्यांना ऐकू आलं नाही.

शेवटच्या दिवशी गेलो, तेव्हा सामान टेम्पोत चढलं होतं. ते बारडोलीला लेकीकडे निघाले होते. पण आप्पा अजून ओट्यावर बसून पाटी रंगवत होते. नव्या मालकाच्या नावाची. दलाल मुद्दाम समोर येऊन उभा राहिला. "काका, आ पण गणशो के?"

हीसुद्धा मोजणार का, हे मात्र बरोबर ऐकू आलं. आप्पांनी शेवटच्या अक्षरावर फुंकर मारली, दलालाकडे बघत उठले आणि ब्रश भिंतीवर ओढला.

"वसनं एक घर," ते मोठ्याने म्हणाले. दलालाने मान वळवली.

आठवड्याभरात भिंतीला चुना लागला. मागच्या वर्षी आप्पाही गेले. मला त्यांची फार आठवण येते.

परवा मिलमधला एक जण धापा टाकत माझ्या घरी आला. दलाल म्हणतो, दोनच घरं उरलीत. भाव काय चाललाय? मी त्याला फाटकाच्या आत नेलं. तिथे माझ्या भिंतीवर कोळशाचे फटकारे आहेत, गल्लीत लागलेल्या प्रत्येक नव्या पाटीचा एक.

"भाव कसाले इचारस?" मी म्हटलं. "भिंत देख."