लिफ्टमधून मागे मागे

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत मी बरीच वर्षं पाइपांची जाडी तपासली. पातळ झालेला पाइप फुटायच्या आत बदलून घ्यायचा, हे माझं काम. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी एमआरआय दाखवत "तुमचा मज्जारज्जू मानेपाशी बारीक झालाय" असं सांगितलं, तेव्हा मी सवयीनं विचारलं, "मग बदलता येईल का?"

त्या हसल्या नाहीत. मल्टिपल स्क्लेरॉसिस हळूहळू पुढे सरकतोय, म्हणून पाय ऐकत नाहीत, आणि जे गेलंय ते परत येणार नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं.

पुण्याला आईला फोन केला.

"बारीक झालाय ना? मी कधीची म्हणतेय, तू नीट जेवत नाहीस."

"अगं, मी नाही. मणक्याच्या आतली मुख्य नस बारीक झालीय."

"मग तिला तरी कुठून मिळणार?"

डिंकाचे लाडू आले. मी इमानानं खाल्ले. पोट सुटलं, पायांत काही फरक पडला नाही.

आधी काठी आली, मग ऑफिसचं काम घरून सुरू झालं, आणि वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमधून खाली उतरणंच मी सोडून दिलं. बायको बॅटरीवरची, बसून चालवायची स्कूटर घेऊ म्हणायची. ती म्हाताऱ्यांची, असं माझं म्हणणं. शेवटी मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू ऑल्सो नॉट यंग, लाह." स्कूटर आली.

पहिल्या दिवशी मी हट्टानं एकटाच निघालो. लिफ्टमध्ये शिरलो झोकात. खाली पोचल्यावर लक्षात आलं, दार पाठीमागे आहे आणि माझी मान मागे वळत नाही. अंदाजानं रिव्हर्स घेतला, भिंतीला धडकलो, दार मिटलं आणि लिफ्ट मला घेऊन वर गेली. तिथे बाजाराच्या पिशव्या घेतलेली एक मलय आजी आत आली. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माझ्याकडे तिनं पाहिलं.

"गोइंग डाउन?"

"ट्राइंग," मी म्हणालो.

खाली ती आधी उतरली, पिशव्या जमिनीवर ठेवल्या, दार धरलं आणि हात हलवत ओरडू लागली, "गोस्तान, गोस्तान!" इथे गाडी मागे घ्यायला हाच शब्द. तिच्या आवाजावर भरवसा ठेवून मी मागे आलो, तो थेट तिच्या पिशवीतल्या पावावरून.

मी सॉरी म्हणालो. तिनं चपटा पाव उचलून पाहिला. "नेव्हर माइंड. आय टोस्ट."

तिला कॉफी पाजल्याशिवाय सोडणं बरं दिसेना. जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, बसलो. "धिस वन कॅन गेट वेल?" तिनं स्कूटरकडे बोट दाखवत विचारलं. नाही म्हणालो. पहिल्यांदाच ते इतकं सरळ सांगता आलं. तिनं मान हलवली आणि आपल्या गुडघ्यांचं पुराण सुरू केलं.

तेवढ्यात बायकोचा फोन. "लिफ्टमध्येच आहेस का अजून?"

"नाही, हॉकरमध्ये. कॉफी पितोय."

"खाली?" तिनं खात्री करून घेतली. मग म्हणाली, "येताना कोथिंबीर आण. बघून घे, मागच्यासारखी पिवळी नको."