डाव्या पंखाची पिसं
आमचे हे सर्जन. हॉस्पिटलनं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, आणि नंतरच्या एकेका इंटरव्ह्यूहून परत येताना त्यांचं बोलणं आटत गेलं. ऐंशीच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात तर माणूस नुसता सिटिंग रूमच्या खुर्चीत. दाढी नाही, पेपर नाही. काही विचारलं की, "राहू दे." जेवता का? राहू दे. डोकं फिरायचं माझं. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आपली माणसं काही कमी नव्हती, पण सांगणार कुणाला? डॉक्टरच्या घरात असलं काही नसतं, हे सगळ्यांनी मिळून ठरवूनच टाकलेलं. घरातल्या गोळ्या मी तुरीच्या डब्यात खुपसून ठेवल्या होत्या, आणि बाथरूमची कडी आतून लागली की मी जिन्यात उभी.

शेजारच्या रिटायर्ड आजोबांना लाकडी धनुष्याचा नाद होता. ते दर शनिवारी ह्यांना अक्षरशः ओढून आर्चरी क्लबला न्यायचे. नेम ह्यांना कधी जमला नाही, पण बाण करायला जमलं. आजोबांनी टर्कीच्या पिसांनी भरलेला बिस्किटांचा डबा दिला, पिसं चिकटवायचा सरस कसा गरम करायचा ते दाखवलं. पिसं कातरताना कित्येक महिन्यांनी ह्यांची बोटं पूर्वीसारखी चालताना पाहिली. सहा बाण झाले. ते घेऊन शनिवारी क्लबला जायचं ठरलं, आणि मी देव पाण्यात घालून बसले.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रांची, अवजारांची पूजा. दरवर्षी स्टेथोस्कोप, विळी, शिलाई मशीन मांडते. ह्या वर्षी खरोखरचे बाण घरात असताना ते कसे वगळायचे? ह्यांना न विचारता मांडले, आणि प्रत्येक पिसाला ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं. हात जरा सढळच होता. पांढऱ्या पिसांवर लाल ओघळ उतरले. आता हे बघून काय म्हणतील, म्हणून घाईघाईनं सगळे बाण गरम पाण्याच्या नळाखाली धरले. सरस विरघळला. पिसं सुटून सिंकमध्ये पडली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तेवढ्यात हे किचनच्या दारात. सिंकमध्ये पाहिलं. ओरडतील, ताट भिरकावतील, काहीतरी करतील, असं मला वाटलं. खरं तर हवंच होतं.

"राहू दे," म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले.

हे बाण गेले म्हणजे शनिवार गेला, आणि शनिवार गेला तर हा माणूस मला परत मिळायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी बाणांच्या काड्या पुसल्या, सरस गॅसवर ठेवला, पिसांचा डबा उचलला आणि ह्यांच्या समोरच कॉफी टेबलावर बसकण मारली. येत काही नव्हतं. तीन पिसं लावायची, दोन पांढरी, एक करडं, एवढंच पाहिलेलं. बोटं भाजली. मी रडत होते, बडबडत होते, "तुम्हाला काय, तुम्ही बसा नुसते," असं वाटेल ते बोलत होते. पहिला बाण झाला. दुसऱ्याचं दुसरं पीस लावायला घेतलं.

"ते डावं आहे."

मी वर पाहिलं.

"डाव्या पंखाचं," ते म्हणाले. "पहिलं उजव्याचं लावलंयस. एका बाणाला एकाच पंखाची लागतात. नाहीतर तो डुगडुगतो."

"मला नाही कळत डावं-उजवं. या आणि लावा."

शेवटी ते उठले, माझ्याजवळ कार्पेटवर बसले. एक पीस टोक पुढे करून माझ्या हातात धरलं आणि त्याचा बाक कुठल्या बाजूला जातो ते दाखवलं. मी केलेला बाण सोलून काढला. डब्यातली पिसं दोन ढिगांत लावली. त्यांना एकेक पीस दोनदा लावावं लागत होतं. संध्याकाळपर्यंत चारच बाण झाले.

"उद्या जाल ना?" मी विचारलं.

त्यांनी सरसाचं भांडं बाजूला सारलं. "तू येशील बरोबर? मला एकट्याला बाहेर पडायची भीती वाटते गं."

लोकांची पोटं उघडून परत शिवणारा हा माणूस. नऊ वर्षांच्या संसारात भीती हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. "येते की," मी म्हणाले, आणि ह्यांना रडू ऐकू जाऊ नये म्हणून किचनमध्ये जाऊन नळ मोठा सोडला.