अष्टमीला न बोलावलेल्या मुली

इंदूमावशी गेल्याचा फोन आला आणि मी चौबे कॉलनीतून तशीच तिच्या मोहल्ल्यात, बुढापाऱ्यात धावले. तिच्या अंगणात समोरच्या घरातले भैयाजी खुर्च्या मांडत होते. "आपल्या पाऱ्याची माय गेली," डोळे पुसत ते मला म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली...

मावशी रेल्वेत कारकून होती, बिनलग्नाची, फटकळ. नवरात्रात अष्टमीला इकडे घरोघरी लहान मुलींना देवी म्हणून बसवतात, पाय धुतात, पुरी-हलवा वाढतात. मुलगी वयात आली की बोलावणं बंद. मावशी नेमक्या त्याच मुलींना बोलवायची. बायका नाकं मुरडत. ती म्हणे, "जिचे पाय धुणं बंद झालं, तिलेच जास्त जपा लागते. कालपर्यंत हात जोडणारे आता तिच्याकडे कसे पाहून राहिले, मले दिसते." जेवणं झाली की ती दार लोटून घ्यायची आणि मुली बोलू लागायच्या.

एका अष्टमीला भैयाजींच्या पुतणीने ताटाला हात लावला नाही. काका अंगचटीला येतात, काकूला सगळं माहीत आहे, एवढंच ती बोलली. मावशी तिला तडक ठाण्यात घेऊन गेली. पुढे काय होणार? घरची अब्रू, घरची गोष्ट! दमदाटी करून पोरीला बयान फिरवायला लावलं, शाळा सोडवून गोंदियाला पाठवलं. भैयाजी होते तिथेच राहिले. घर मोडणारी ठरली ती मावशी.

पण मावशी हटली नाही. भैयाजींच्या घरीही अष्टमीला मुली बसवत. दर वर्षी त्या दिवशी ती त्यांच्या पायरीवर जाऊन बसायची आणि मुलगी घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईला ऐकवायची, "आत काय झालं होतं, ठाऊक हाय ना तुले?" लाजेने म्हणा, तिच्या तोंडाच्या धाकाने म्हणा, आया परत फिरायच्या. खरं काय ते पाऱ्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं, याचीच मला जास्त चीड येते.

मावशीला जाऊन महिनाही झाला नव्हता आणि अष्टमी आली. तिचं घर आवरायला गेले तर समोर भैयाजींच्या दारात मुलींची रांग. नटवून, हाताला धरून आयांनीच आणलेल्या. पायरी रिकामी होती. मी गेले, तिथे बसले आणि भैयाजींचं नाव घेऊन सगळं मोठ्याने सांगितलं. एक आई खाली वाकून हळूच म्हणाली, "दीदी, काहून तमाशा करून राहिली? मावशी तर गेली ना आता." आणि मला ओलांडून ती लेकीला आत घेऊन गेली.