समुद्राच्या तळावर दोन विहिणी

सहलीला जायचं माझ्या मनात नव्हतं. आम्हाला पाठवण्यात आलं. माझ्या मुलाने, निनादने, शुक्रवारी रात्री जेवताना दोन तिकिटं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "रविवारी तुम्ही दोघी समुद्रावर जाऊन या. चिखलातून चालणं, बोटीतून सील बघणं, येताना व्हिस्कीची भट्टी. सगळं एका दिवसात. आणि प्लीज, येताना तेवढं ठरवून या."

'तेवढं' म्हणजे काय ते सांगते. सून ऋता, तिला जुलैत बाळ होणार. वोल्फ्सबुर्गमधलं त्यांचं घर अडीच खोल्यांचं. त्यात मी पुण्याहून आले, मुलाची आई म्हणून. आणि त्याच आठवड्यात साताऱ्याहून तिची आईही आली, पहिलं बाळंतपण माहेरचं म्हणून. मी माझं तिकीट काढून मग कळवलं होतं, त्यांनीही तसंच केलं होतं. मी हॉलमधल्या सोफ्यावर, ऋताची आई बाळासाठी रंगवलेल्या खोलीत. बाळ आल्यावर दोघींना जागा नव्हती. राहणार कोण, ते आम्ही आपसात ठरवायचं होतं. मुलांची हिंमत नव्हती.

विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. नाव माधुरीताई, पण मी विहीणबाईच म्हणते. मी विमा कंपनीत बत्तीस वर्षं काढली, शाळा कॉन्व्हेंटची, वादविवादात दरवर्षी बक्षीस. म्हटलं, एका दिवसात निकाल लावते.

बस सकाळी सहाला स्टेशनच्या मागच्या बाजूने सुटते. जाणार असाल तर वेळेआधी पोहोचा, ड्रायव्हर थांबत नाही. रविवारी पहाटे सिटी बस नसते, त्यामुळे निनाद गाडीने सोडायला आला. बसमध्ये चाळीसेक जर्मन पेन्शनर, प्रत्येकाकडे उकडलेल्या अंड्यांचा डबा. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. वाटेत एकदा थांबतात, तिथे स्वच्छतागृहाला एक युरो पडतो, सुटी नाणी जवळ ठेवा. एवढ्या श्रीमंत देशात लघवीला पैसे घेतात, यावर मी ब्रेमेनपर्यंत बोलले. विहीणबाईंनी खिडकीबाहेर पाहत "हं" म्हटलं.

ब्रेमेननंतर मी मुद्द्यावर आले.

"विहीणबाई, घर निनादचं आहे, तेव्हा..."

"घर भाड्याचं आहे हो," त्या म्हणाल्या. "पुरी घ्या."

कुक्सहाफनला साडेदहाच्या सुमारास पोहोचलो. गाईडचं नाव उवे. साठीचा, अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत करडा चिखल वाळलेला. त्याने सगळ्यांना जर्मनमध्ये सूचना दिल्या आणि मग आमच्याकडे वळून एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाला, "Mud. Very. Soft. You. Okay?" मी त्याला माझ्या शाळेच्या इंग्रजीत विचारलं की भरती परत नेमकी किती वाजता सुरू होते आणि परत फिरण्याची शेवटची वेळ कोणती. त्यानंतर तो आमच्याशी पूर्ण वाक्यं बोलायला लागला.

ओहोटीला इथे समुद्र कित्येक किलोमीटर मागे जातो आणि तळ उघडा पडतो. त्या तळावरून चालायचं. गाईडशिवाय लांब जाऊ नका, भरती मागून ओढ्यांतून येते आणि वाट तोडते, असं उवेने तीनदा बजावलं. अनवाणी जाऊ नका, शिंपल्यांनी पाय कापतात. जुने कॅनव्हासचे बूट आणि लांब मोजे घाला, नंतर टाकून द्यायच्या लायकीचे. मी निनादची ट्रॅकपँट घातली होती. विहीणबाईंनी सुती साडी पोटरीपर्यंत वर खोचली आणि निघाल्या. एका जर्मन आजीने त्यांचा फोटो काढू का म्हणून विचारलं. "काढा," त्या मराठीतच म्हणाल्या.

तळ काही ठिकाणी टणक, लाटांच्या वळ्या उमटलेला, काही ठिकाणी घोटाभर मऊ. जागोजागी वाळूचे वेटोळे. उवे म्हणाला, "हे किडे वाळू खातात आणि मागून अशी स्पॅगेटी टाकतात."

"शेव," विहीणबाई म्हणाल्या. "साच्यातून पडलेली."

उघड्या आकाशाखाली, आजूबाजूला काहीही नसताना, मी पुन्हा विषय काढला. बाळंतिणीची पहिली सहा आठवड्यांची व्यवस्था, रात्रीची जागरणं, जर्मन डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणं, यात मी कशी उजवी आहे, ते मुद्देसूद मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बोलून झालं? बूट निघालाय तुमचा."

निघाला होता. माझा पाय पुढे आणि बूट मागे चिखलात. तो उवेने उपसून दिला आणि "हो, हो, सगळ्यांचं होतं," म्हणाला. मी सगळ्यांबद्दल विचारलं नव्हतं.

दुपारी बंदरावर मासे घातलेला पाव खाल्ला. पाच-सहा युरोत मिळतो, कच्चा कांदा भरपूर. विहीणबाई शाकाहारी, त्यांनी उरलेल्या पुऱ्या खाल्ल्या. एक तुकडा सवयीने सीगलला टाकला, तर शेजारच्या बाकावरचे गृहस्थ उठून ओरडले. पक्ष्यांना खायला घालायला तिथे बंदी आहे, दंड होतो. "अहो, घास काढून ठेवतो आम्ही," त्या मला म्हणाल्या, जणू तो नियम मी केला होता. पाच मिनिटांत त्याच सीगलने त्या गृहस्थांच्या हातातला मासा नेला. ही सहलीतली माझी सगळ्यात आवडती घटना.

दीड वाजता बोट. वर उघड्यावर बसा, वारा सोसत असेल तर. जॅकेट जूनमध्येही लागतं. वाळूच्या एका पट्ट्यावर सील पडलेले दिसले, भिजलेली पोती टाकावीत तसे. जून-जुलै हा त्यांचा पिल्लांचा काळ. पट्ट्याच्या टोकाला एक पिल्लू एकटंच होतं आणि रडत होतं. अगदी माणसाच्या पोरासारखं. बोटीवरच्या सगळ्या आज्या एकदम कळवळल्या.

उवेने माइकवर आधी जर्मनमध्ये, मग इंग्रजीत सांगितलं. आई खायला शोधायला पाण्यात गेलेली असते. पिल्लू रडतं, लोकांना वाटतं टाकून दिलंय, म्हणून भोवती जमतात, उचलतात, पांघरूण घालतात. आई जवळच पाण्यात असते, डोकं वर काढून बघत. पण माणसं उभी असेपर्यंत ती येत नाही. "तुम्हाला मदत करायची असेल तर लांब जा," तो म्हणाला. बोट लांबूनच वळली. मला ते पटलं नाही, आणि मी तसं म्हटलं. विहीणबाईंनी मात्र बोटीवरची दुर्बीण बराच वेळ मला दिली नाही.

परतीच्या वाटेवर व्हिस्कीची भट्टी. व्हिस्की स्कॉटलंडची असते एवढं मलाही माहीत आहे, पण इथे एका जुन्या शेतघरात पिढ्यान्‌पिढ्या धान्याची दारू काढायचे आणि आता व्हिस्की करतात. तांब्याची हंडी, बार्लीचा वास, लाकडी पिंपं. मालकीणबाईंनी लांब टेबलावर प्रत्येकासमोर तीन छोटे ग्लास मांडले. आमच्यासमोर सफरचंदाचा रस.

मी उठले. विचारलं, हा रस कशाबद्दल? बाई हसून म्हणाल्या, भारतीय स्त्रिया घेत नाहीत ना, उगाच तुम्हाला अवघडल्यासारखं नको. मी म्हटलं, बाई, अवघडल्यासारखं मला आत्ता होतंय. तिकिटात चव घेणं लिहिलंय, माझं तिकीट अर्धं नाही. घ्यायची की नाही ते माझं मी बघते, तुम्ही ग्लास ठेवा. कोणीतरी "गेनाऊ!" म्हणालं. बरोबर बोललात, असा त्याचा अर्थ. ग्लास आले.

मी आयुष्यात व्हिस्की प्यायले नव्हते. आता माघार घेणं शक्य नव्हतं. पहिला घोट घशातून निखाऱ्यासारखा गेला. शेजारी विहीणबाईंनी ग्लास उचलला, वास घेतला आणि एका घोटात संपवला.

"अहो!"

"दवाखान्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या. दुसरा ग्लास त्यांनी नुसता हातात धरला. मग खाली बघत म्हणाल्या, "परवा संध्याकाळी ऋता फोन करायला म्हणून खाली गेली होती, आठवतंय?"

"हो. तासभर."

"मी कचरा टाकायला गेले होते. ती गाडीत बसली होती. पार्किंगमध्ये, काचा वर करून. फोन वरच राहिला होता, चार्जिंगला."

मला आठवलं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आमची दोघींची खिचडीवरून जुंपली होती. तूप किती. मी एक चमचा म्हणत होते, त्या तीन.

"म्हणजे आपल्याला कंटाळून?" मी म्हटलं. "आपण काय त्या पिल्लाभोवती जमणारे पर्यटक आहोत का हो? आज्या आहोत!"

"म्हणून तर तिला 'जा' म्हणता येत नाही."

मी पुष्कळ बोलले. निनादने दोन महिन्यांची रजा घेतली आहे, एल्टर्नत्साइट म्हणतात, हे ऋताने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घरी रोज हेबामे, म्हणजे सुईण, येणार हेही. आम्ही दोघींनीही, त्या एकाच बाबतीत एकमताने, ते हसण्यावारी नेलं होतं. बाप्या माणूस रजा घेऊन काय दिवे लावणार? हे सगळं आठवत असताना मी विहीणबाईंवरच चिडले. "मग तुम्ही जा ना, तुम्हाला एवढं कळलंय तर!"

"मी जाते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही राहिलात तर उपयोग काय?"

वादविवादात इतक्या कमी शब्दांत मी कधी हरले नव्हते. हॅनोव्हरच्या अलीकडे, ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना, मी कायझर्सलाउटर्नला पीएचडी करणाऱ्या माझ्या भाचीला फोन केला. तिची मैत्रीण दोन महिने भारतात जाणार होती, खोली रिकामी. आम्ही दोघी तिथे राहिलो तर चालेल का, विचारलं. "मावशी, बाथरूम एकच आहे," ती म्हणाली. म्हटलं, सवय आहे.

साडेआठला घरी पोहोचलो, बाहेर लख्ख ऊन होतं. निनादने वरणभात केला होता. भात गिचका. ऋता सोफ्यावर, माझ्याच, पाय लांब करून बसली होती, दिवसभर झोपून उठल्यासारखी. मी उभ्यानेच सांगितलं, "आम्ही दोघी बुधवारी भाचीकडे जातोय. बाळ झालं की कळवा. बोलवाल तेव्हा येऊ."

निनाद म्हणाला, "अगं आई, असं कशाला..." पण ऋताने नुसता श्वास सोडला. लांब. मग घाईघाईने म्हणाली, "तुम्हाला नक्की चालेल ना?"

आता सहलीबद्दल. जा. उन्हाळ्यात जा, भरती-ओहोटीच्या वेळा बघून तारीख निवडा. आमच्या दोघींना मिळून दोनशे युरोंच्या आत झालं. गुडघे धड असतील तोवर जा, कारण चिखल वयाचं ऐकत नाही. व्हिस्की मला आवडली नाही, पण मागून घेतली याचा पश्चात्ताप नाही. सीलबद्दलचं उवेचं म्हणणं मला अजूनही अर्धंच पटलेलं आहे.

त्या संध्याकाळी विहीणबाई बाथटबमध्ये साडी धूत होत्या. काठाला समुद्राचा चिखल चिकटला होता, पाणी करडं होत होतं. मी दारात उभी राहिले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "किती पटकन श्वास सोडला हो तिने. पोटची पोर माझी."

मी आत जाऊन साडीचं दुसरं टोक धरलं.

"आपणही सोडला असता," मी म्हटलं. "पण आपल्या वेळी उठून जाणारं कोण होतं?"

त्यांनी पीळ घालायला सुरुवात केली, मी उलट्या बाजूने.

"अजून घट्ट धरा," त्या म्हणाल्या. "पाणी आहे अजून."