नेलीचं रेकॉर्डिंग राहिलंय

निवृत्त झाल्यापासून एलिदाच्या पायाला भिंगरी लागली होती. फोन घेऊन ती साल्तो शहरातल्या आपल्या गल्लीत घरोघर शिरायची आणि समोर बसून माणसाला बोलतं करायची. खाटीक, सुईण, मावशी, शाळेतल्या मैत्रिणी. अडतीस जणांची आयुष्यं फोनात भरून झाली होती. सख्खी बहीण नेली तेवढी राहिली होती, आणि नेली रविवारी मुलाकडे स्पेनला जाणार होती, कायमची.

राहिली कसली, एलिदानंच टाळली होती. एलिदा सहा वर्षांची असताना युनियनवाल्या बाबांना शोधत सैनिक दारात आले. "बाबा कुठे आहेत, बाळ?" तिनं कोंबड्यांच्या खुराड्याकडे बोट दाखवलं. बाबा चार वर्षांनी सुटले, पण पुढे कधी धड बोलले नाहीत. ते बोट एलिदाला पन्नास वर्षं छळत होतं. नेलीनं ते पाहिलं होतं का, हे तिला विचारायचं होतं आणि ऐकायचं मात्र नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती गेलीच. इकडची रीत ठरलेली. येर्बाच्या पानांच्या कडवट चहाचा तुंबा हातोहात फिरतोय तोवर गप्पा. "आभारी आहे" म्हणून कुणी तो परत केला की त्याचं पिणंही संपलं आणि बोलणंही.

"बस की जरा. पुसून पुसून काच झिजेल त्या फोनची," नेली म्हणाली. "खाटकाचा नंबर माझ्या आधी लागला होय?"

"खाटीक टोमणे मारत नाही."

एलिदानं उठून खिडकी उघडली, परत लावली. तेवढ्यात किटली खदखदली. उकळत्या पाण्यानं येर्बा जळते, कडूजहर होते. नेली असला तुंबा सरळ मोरीत ओतायची. तरी एलिदानं तेच पाणी ओतलं आणि विचारून टाकलं, "बाबांना नेलं तेव्हा तू कुठे होतीस?"

नेलीनं घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"शाळेच्या फाटकात. सैनिकांनी मला तिथेच गाठलं. बारा वर्षांची घोडी मी, घाबरून खुराड्याचं सांगून बसले. ते आपल्या घरी आले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. तुला सांगायचा धीरच झाला नाही गं. म्हटलं, ही परत माझं तोंड बघणार नाही."

एलिदाला रडूही येईना. दोघी एकच ओझं वाहत होत्या, आणि तेही एकमेकींपासून चोरून.

"नेली, मीही बोट दाखवलं होतं."

फोन चालूच होता. नेलीनं ते जळकं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत ओढलं आणि आभार न मानता तुंबा पुढे केला.

"ओत अजून," ती म्हणाली.