आमच्या साडूंच्या वर्गातले ‘हाय’

आमच्या साडूंइतका शिस्तप्रिय, आणि त्या शिस्तीपायीच लोकांना बेशिस्त वाटलेला दुसरा शिक्षक पनवेल तालुक्यात झाला नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. बिनबुडाचे विधान माझ्या लेखणीतून उतरत नाही.

हे गृहस्थ विचुंब्याकडच्या एका शाळेत नववीला भूगोल शिकवीत. इतर शाळा मोबाइल दिसताच जप्त करीत, त्या काळात यांनी शनिवारच्या तासाला घरचा मोबाइल आणण्याची मुभा दिली आणि वर्गाचा ग्रुप काढला. मात्र ग्रुपवरही कायदा वर्गाचाच. वाक्याला पूर्णविराम नसेल तर संदेश नामंजूर. कुणी होकारादाखल अंगठ्याचे चित्र पाठवले की साडू लिहीत, “सही येते ना? मग अंगठा कशाला?” या मुद्द्यावर माझी त्यांच्याशी व्यावसायिक सहमती होती. दिवेलागणीला ते घंटेचे चित्र टाकून ग्रुप बंद करीत. त्यानंतर जो ‘शुभ रात्री’ म्हणेल तो सकाळी वर्गाबाहेर उभा. एकदा एका मुलाने दुसऱ्याचा जांभई देतानाचा फोटो फिरवला. साडूंनी ओरडण्याऐवजी स्वतःचाच, दुपारच्या झोपेत तोंड उघडे पडलेला फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, “हसायचे असेल तर याला हसा.” त्या फोटोबद्दल आमची मेहुणी त्यांच्यावर अद्याप रुष्ट आहे.

“एवढा खटाटोप कुणासाठी?” मी एकदा विचारले.

“शेवटच्या बाकावर गव्हाणची एक पोरगी बसते,” साडू म्हणाले. “सुरुवातीला एकदा ‘आमी’ म्हणाली आणि वर्ग हसला. तेव्हापासून हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. पण ग्रुपवर लिहिते हो, साडूराव. मिठागरात मीठ कसं धरतं, ते वाऱ्यासकट लिहिलंन तिने. ग्रुप गेला तर ती पुन्हा मुकी.”

आणि नेमका तोच ग्रुप बंद करावा असा अर्ज लिहून घ्यायला, नव्या पनवेलच्या संकुलातले एक सद्गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. त्यांची कन्या साडूंच्याच वर्गात.

“कोणी धर्मा म्हणून आहे. माझ्या मुलीला हाय करतो.”

“मुलीला विचारलंत?”

“तिला काय विचारायचं? तुम्ही लिहा.”

अर्जात मूळ मजकूर शब्दशः लागतो, म्हणून मी मोबाइल पाहावयास मागितला. कन्येने विचारले होते, “कोकणचा नकाशा कोणाकडे आहे का?” खाली धर्माचे उत्तर होते, “हाय.” पूर्णविरामासकट.

मी लेखणी खाली ठेवली. “साहेब, हे तुमचं इंग्रजी हाय नव्हे. हे आमच्या इकडचं. हाय म्हणजे आहे.”

“असेल. पण हा धर्मा कोण?”

ते मलाही ठाऊक नव्हते. सबब, मी त्यांना घेऊन शाळेत गेलो. साडूंना उत्तर माहीत असावे, तरी त्यांनी भर वर्गात विचारले, “धर्मा कोण?”

मग शेवटच्या बाकावरची ती मुलगी उभी राहिली. “फोन बापाचा हाय, सर. नाव बी त्याचंच हाय. नकाशा माझा हाय.”

वर्ग हसला. या खेपेस तीही हसली, कारण सगळे त्या सद्गृहस्थांकडे पाहत होते.

“फाडा तो अर्ज,” ते पुटपुटले.

“तुमची भीती खोटी नाही,” साडू म्हणाले. “उद्या खराच कोणी धर्मा निघेल. तेव्हा मुलीने सांगायचं कुणाला? तुम्हीही या ग्रुपवर. आपल्या डोळ्यांदेखत शिकू दे त्यांना.”

ते आले, आणि साक्षीदार म्हणून मीही ग्रुपवर आलो. पुढे पूर्णविरामाच्या बाबतीत तेच साडूंपेक्षा कडक निघाले. ती मुलगी हजेरीला हात वर करीनाशी झाली. “हाय, सर” म्हणू लागली, आणि त्यावर कुणी हसेना.

साडू आता निवृत्त होऊन पोलादपूरकडे गावी राहतात. तिथे घरामागचा चढ चढल्याशिवाय रेंज मिळत नाही. दिवेलागणीला घंटेचे चित्र येत नाही, म्हणून मला अजून चुकल्याचुकल्यासारखे वाटते. मग मीच लिहितो, “साडूराव, आहात ना?” कधी दुसरा दिवस मावळतो, उत्तर येत नाही. त्यांचे गुडघे आता दुखतात. पण केव्हातरी ते तो चढ चढतात, आणि माझ्या टेबलावरचा मोबाइल उजळतो.

“हाय.”