ढगळ सूट

अक्का, मी निघालो त्या सकाळी तू बदनापूरच्या स्टेशनावर आली होतीस, तेव्हा माझा शर्ट तुला आठवत असेल. बावीस वर्षांचा घोडा मी, आणि शर्ट असा की आत आणखी एक भाऊ मावला असता. आईने शिंप्याला दटावून ढगळ शिवून घेतला होता, वर शिवणीत कापड सोडलेलं. "अंगाबरोबर काही घेऊ नको तिकडं," गाडी हलताना ती म्हणाली. "माणूस वाढत राह्यतो. तंग झालं की मी उसवून देते." तू हसलीस. मी मात्र मुंबईपर्यंत खिडकीची दांडी काही सोडली नाही.

मस्कतला काम होतं बोटींचं बूड खरवडायचं आणि समुद्रतळाशी बांधलेल्या साखळ्या तपासायचं. विहिरीत पडलेल्या घागरी काढणारा मी. पाठीवर हवेची टाकी बांधायला तिथेच शिकलो. पहिल्या खऱ्या बुडीच्या दिवशी युसूफभाईंनी, म्हणजे आमच्या हैदराबादच्या जुन्या पाणबुड्यांनी, कपाट उघडलं. आत रबरी सूट टांगलेले: तीन मिलिमीटर जाडीचे, पाचचे, सातचे. "सोच के लेना," म्हणून ते टाक्या भरायला गेले. बाहेर ऊन असं की आपला मे महिना बरा. मी तीनचा पातळ सूट उचलला. माझ्या मापाचा चढवला तर छाती आवळली, गळा दाबल्यासारखा झाला. आईचं आठवलं. दोन मापं मोठा घेतला आणि पाठीत हवा खेळती म्हणून खूश झालो.

वरचं पाणी कोमट होतं. खाली आणखी बरं असेल, असं मी धरून चाललो होतो. आपल्या विहिरीत थंडीच्या सकाळी बुडी मारली की ऊबच लागते ना! पण पंधरा मीटरवर एकाएकी दुसरंच पाणी लागलं. हात हलवला की गळ्यातून गार पाणी आत शिरे, पाठीवरून कमरेपर्यंत उतरे आणि पायांतून निघून जाई. पुन्हा नवीन गार. दात इतके वाजू लागले की तोंडातली हवेची नळी धरवेना. बोटांना साखळी कळेना. मग आपण खाली कशाला आलो तेच मला आठवेना, आणि तेव्हा खरी भीती वाटली. बदनापूरला तार येईल, ती तूच आईला वाचून दाखवशील, एवढं एकच डोक्यात फिरत राहिलं. मी घाबरून भसाभस श्वास घेत होतो आणि टाकीतली हवा दाखवणारा काटा उतरत होता.

युसूफभाईंनी दंड धरला आणि हळूहळू, थांबत थांबत वर आणलं. बोटीवर त्यांनी माझ्या पाठीवरचं रबर चिमटीत धरून ओढलं. ते वीतभर आलं.

"ये क्या शादी की शेरवानी है मियाँ? सूट चमड़ी के माफिक बैठना. जरासा पानी अंदर रुकना, बदन से गरम होना. तुम तो पूरे समंदर को रास्ता दे दिये!"

दुसऱ्या दिवशी पाचचा घेतला, छाती आवळणारा. पुढच्या आठवड्यात फोनवर आईने विचारलं, "कपडे ढगळ घेतले ना रे?" मी हो म्हणालो. तिला आजही खरं माहीत न्हाई, आणि तूही सांगू नकोस.

आता नव्या पोरांना सूट मीच निवडून देतो, आणि अजूनही गळ्याशी गार पाणी लागलं की छातीत धस्स होतं. भीती गेली असं म्हणणारा पाणबुड्या मला अजून भेटायचाय. गावी मात्र दर खेपेला ढगळ शर्ट शिवून तयार असायचा. चाळिशीला आलो तरी आई शिवणीत कापड सोडायचीच.

ह्या खेपेला शर्ट अंगाला बराबर बसला. मी शिवण उलटून पाहिली, आत कापड सोडलेलं नव्हतं. "आई, ह्या वेळी तंग का?" असं हसत विचारलं, तर ती चष्मा पुसत म्हणाली, "आता उसवून द्यायला मी किती दिवस राह्यणार, बाबा?"

बदनापूरच्या भर उन्हात, अक्का, माझ्या पाठीवरून तेच गार पाणी उतरलं.

दुपारीच मी शिंप्याकडे गेलो. दोन मापं मोठा शर्ट शिवायला टाकला आणि शिवणीत चार बोटं कापड सोडायला सांगितलं. घरी येऊन आईच्या हातात पावती दिली. "पुढच्या वर्षी तंग होणारंय," म्हणालो. "उसवायला तूच लागशील."